बाग न पाहता घेतलेला कंद

प्रेमराज सरांनी मला प्रयोगशाळेच्या दारातच उभं केलं. आत येऊ दिलं नाही.

"समितीचा आदेश आहे म्हणून देतोय," ते म्हणाले. "आदेशात 'प्राणी द्यावा' एवढंच लिहिलंय. अख्खा द्यावा, असं कुठे लिहिलेलं नाही. तुमच्याच शास्त्राप्रमाणे तुकडा म्हणजे प्राणी. बरोबर ना, हेमांगीताई?"

आधी ते मला 'तू' म्हणत. मी मार्गदर्शक बदलून मागितला त्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणू लागले, आणि पुढे 'ताई'ही लावू लागले. त्यात मान नव्हता.

आतून ललित झाकणाची नळी घेऊन आला. तळाशी पाण्यात तांदळाच्या कणीएवढा तपकिरी तुकडा पडला होता.

"शेपूट आहे, ताई," ललित म्हणाला. "डोकं आम्ही ठेवलंय."

"डोकं इथंच बरं," सर म्हणाले. "धुळ्यात त्याचं काय काम?"

दोघंही हसले. मी नळी उजेडात धरून पाहिली. तुकडा आखडला आणि पुन्हा सैल झाला. म्हणजे जिवंत होता. मी नळी थर्मासात बर्फाच्या पाण्यावर तरंगती ठेवली आणि जिना उतरले.

खाली कडुनिंबाच्या सावलीत आबा, म्हणजे माझे वडील, मोटारसायकलला टेकून उभे होते. आमची सावद्याला केळीची बाग आहे. मला जळगावच्या स्टँडवर सोडून ते पुढे बाजारात जाणार होते.

"भेटलं?"

"भेटलं. शेपूट दिलं."

"कोन्त्या बशीतून काढलं?"

"आत नाही जाऊ दिलं, आबा. दारात आणून दिलं."

आबांनी थर्मासकडे पाहिलं. "मंग तू बाग नाही पाह्यली?"

"हे काय केळीचे कंद आहेत का?"

"जित्ती वस्तू हाय ना? आपन कंद आनाले जातो तं आदी बाग फिरतो. खोड पाहातो, पानं पाहातो, मंग आपल्या हातानं खंदून काढतो. दारात आनून ठेवलेला कंद कोनी घेते का? हरण्या रोग लागेल खोडाचा असला तं? कंदावर काई दिसत नाही. चार महिने पानी द्या, मंग पानावर पट्टे." मग त्यांनी विचारलं, "देतानी काय म्हने तुहा सर?"

"हसत होते."

"वापस करून ये."

मी परत केलं नाही. परत केलं असतं तर सरांनी समितीला कळवलं असतं की देऊनही हिने घेतलं नाही.

हे शेपूट कोणाचं, ते सांगायला हवं. चपटकृमी हा गोड्या पाण्यातला प्राणी. नखाएवढा, पानासारखा चपटा, डोळे तिरळे. मधोमध कापला तर डोक्याला शेपूट येतं आणि शेपटाला डोकं येतं, मेंदू आणि डोळ्यांसकट. अंगभर विखुरलेल्या मूळपेशी जखमेकडे येतात, तिथं एक पांढुरका कोंब दिसू लागतो आणि त्यातून हरवलेला भाग घडतो. एका शेपटापासून काही महिन्यांत टोपलीभर बशा भरता येतात. मी ज्या जातीवर काम करत होते ती मला चोपड्याजवळच्या एका पायविहिरीत सापडली होती. नंतर गावाने ती विहीर उपसून तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली. त्यानंतर माझ्या माहितीत ते किडे फक्त प्रेमराज सरांच्या बशांमध्ये उरले.

या किड्यांच्या मूळपेशींमध्ये लहान आरएनए असतात. जेमतेम तीस अक्षरांचे तुकडे. पेशीत जनुकांचे लांब निरोप फिरत असतात. एखादा निरोप या तुकड्याशी जुळला की तो जागच्या जागी तोडला जातो. प्रत्येक पेशीत काही उपद्रवी उतारे असतात, ते एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी घुसतात आणि तिथलं लिखाण बिघडवतात. मूळपेशींमधले लहान आरएनए त्यांना नेमके ओळखून गप्प करतात. मी अशा एका प्रथिनावर काम करत होते, जे या आरएनएंचं जादा टोक छाटून त्यांना योग्य लांबीवर आणतं. मी त्याला कात्री म्हणायचे. कात्रीचं जनुक बंद केलं, तेव्हा कापलेल्या किड्यांची जखम भरली, पण कोंब आला नाही. कडा पोटाकडे वळल्या आणि दोनेक आठवड्यांत किडे विरघळून गेले.

जनुक बंद करायची रीतसुद्धा लहान आरएनएचीच आहे. त्या जनुकाशी जुळणारा दुहेरी आरएनए नळीत बनवायचा, बकऱ्याच्या कलेजीच्या लगद्यात मिसळायचा आणि किड्यांना खाऊ घालायचा. किड्याच्या पेशी त्याचे बारीक तुकडे करतात आणि त्याचा परिणाम अंगभर पसरतो, शेपटाच्या टोकापर्यंत. लगद्यात खाण्याचा रंगही घालायचा, म्हणजे कोणी खाल्लं ते दिसतं. रंग दोन-चार दिवसांत जातो, जनुक मात्र कितीतरी दिवस गप्प राहतं. कात्रीच्या घासाला मी हिरवा रंग देत असे. तुलनेसाठीच्या घासाला, ज्याने काहीच होत नाही, त्याला लाल. बशांची झाकणंही तशीच, हिरवी आणि लाल.

कलेजी गनीभाईंच्या दुकानातून आणणं, तिच्या शिरा काढणं, वाटणं हे सगळं माझ्याकडे होतं. ललित कलेजीला हात लावत नसे. मी घास करून, थेंब थेंब गोठवून, दोन रंगांच्या डब्यांत भरून ठेवायचे. तो तेच वापरायचा.

ललित सरांच्या बहिणीचा मुलगा. विभागात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तोही चारचौघांत त्यांना 'सर'च म्हणायचा. माझ्या कामावरच्या शोधनिबंधात पहिलं नाव ललितचं घालायचं, असं सरांनी मला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पुढच्या प्रगती-बैठकीत सर समितीसमोर म्हणाले, "कात्री बंद केल्याने काहीच होत नाही. ललितने पुन्हा करून पाहिलं. सगळ्या किड्यांना डोकी आली. हेमांगीच्या हाताला स्वच्छता नाही. तिचे किडे घाणीने मेले."

त्यावर कोणीतरी म्हणालं, "बाई असून?"

मी मार्गदर्शक बदलून मागितला. धुळ्याच्या एका महाविद्यालयातल्या जैनब मॅडम मला घ्यायला तयार झाल्या. समितीने अट घातली, की हाच प्रयोग धुळ्यात पुन्हा करून दाखवायचा. तोच निष्कर्ष आला तर प्रबंध, नाही तर नोंदणी रद्द. मी जळगाव सोडलं त्या दिवशी सरांनी जिन्याच्या पायऱ्यांवर माझी पिशवी वॉचमनकडून रिकामी करून घेतली. "फ्रीजरमधला एक थेंबही बाहेर जाता कामा नये," ते म्हणाले. माझा डबा उघडून पाहिला. डब्यात वांग्याची भाजी होती. येणारे-जाणारे बाजूने अंग चोरून जात होते. माझे घास, माझा आरएनए, सगळं तिथंच राहिलं.

आणि आता हे शेपूट. माझी सहा वर्षं त्याच्यावर अवलंबून होती.

बस पारोळ्याला थांबली तेव्हा मी थर्मास उघडून पाहिला. पाणी गार होतं. शेपूट नळीच्या तळाशी चिकटलेलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "इन्सुलिन का?" मी हो म्हटलं.

धुळ्याला जैनब मॅडमनी गार कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. तापमान वीसवर. पाणी आधीच तयार. तिथल्या भिकुबाई झाडू टेकवून बशीत वाकून पाहू लागल्या.

"काय शे व ताई यामा? माले तं काहीच दिखत नही."

"शेपूट आहे."

"कोन्हं?"

"किड्याचं. आता त्याला डोकं येईल."

"आनि नही उनं तं?"

"येतं, भिकुबाई," मी म्हणाले.

जखम वेळेवर मिटली. त्यानंतर तिथं पांढुरकं टोक दिसायला हवं होतं. मी सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. जखमेची कड तपकिरीच राहिली. मग एका सकाळी शेपटाच्या बाजू खालच्या अंगाला वळलेल्या दिसल्या, उन्हात सुकलेल्या पानासारख्या.

मी सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि हात धुतले. मग पुन्हा बसून पाहिलं.

"पाण्याचं काही?" जैनब मॅडमनी विचारलं. "की प्रवासात तापलं?"

"तापलेला किडा असा मरत नाही. तो सगळीकडून एकदम फुगतो आणि फुटतो. क्लोरीनने कातडी झडते. हे तसं नाही. जखम स्वच्छ भरलीय, कोंब नाही आणि कडा वळल्यात. हे मी पाहिलेलं आहे, मॅडम."

"कुठे?"

"हिरव्या झाकणाच्या बशीत."

मॅडम स्टूल ओढून बसल्या. त्यांनी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढताच म्हणाल्या, "तो माणूस भर सभेत म्हणाला की कात्रीने काही होत नाही. आणि तुला बुडवायला त्याने कात्रीच वापरली?"

"साधा मेलेला तुकडा दिला असता तर मी दारातच बोलले असते. हा जिवंत दिसतो, जखम भरतो. मग माझ्या हातात मरतो. धुळ्यात."

"या अल्लाह. तुझ्या निष्कर्षावर विश्वास नसता तर त्याने हे वापरलंच नसतं." त्या उठल्या. "पण फोटोवर कोणी मानणार नाही, बेटा. तो म्हणेल, पाणी खराब."

ते मलाही दिसत होतं. पुरावा शेपटाच्या आत होता. मी बनवलेल्या दुहेरी आरएनएच्या दोन्ही टोकांना जिवाणूचा एक छोटा उतारा जोडलेला असे. बनवताना तो लागतो. चपटकृमीच्या अंगात तो कधीच नसतो. तो उतारा या शेपटात सापडला, तर त्याने माझा घास खाल्लेला आहे हे नक्की झालं असतं. पण शोधायचं तर शेपूट दळावं लागणार. अर्धं कापून भागणार नव्हतं. एवढ्याशा तुकड्यातून मुळात जेमतेम काही हाती लागतं.

क्वचित एखादा किडा सावरतो. घास कमी खाल्लेला असला तर मूळपेशी पुन्हा वाढतात आणि उशिरा का होईना कोंब येतो. हे शेपूट त्यातलं असू शकलं असतं. तसं झालं असतं तर मला किडे मिळाले असते, आणि किडे मिळाले तर सगळं पुन्हा करता आलं असतं. दळलं तर माझ्याकडे एक उत्तर राहणार होतं आणि किडा एकही नाही. उत्तर 'नाही' आलं असतं, तर तेही नाही.

"तुझं शेपूट आहे," जैनब मॅडम म्हणाल्या. "मी सांगणार नाही."

मी दुपारपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिले. ते जागचं हललं नाही. मी बशीखालून दिवा लावला, तेव्हा उजेडापासून जरासं सरकलं. इतकंच त्याच्यात उरलं होतं.

मी ते नळीत घेतलं आणि दळलं.

तो उतारा शोधायला लावलेल्या जेलवर चार रकाने होते; उतारा असेल त्या रकान्यात रेघ उमटते. पहिला मापाचा, दुसरा नुसत्या पाण्याचा. तिसरा मॅडमनी तळ्यातून आणलेल्या दुसऱ्या जातीच्या साध्या किड्याचा, चौथा शेपटाचा. पाण्याचा आणि साध्या किड्याचा रकाना काळा राहिला. शेपटाच्या रकान्यात एक रेघ आली, मी बनवलेल्या लांबीवर, नेमकी. ती रेघ मी ओळखत होते. तिची लांबी मीच ठरवली होती.

जळगावची बैठक मेमध्ये झाली. खोलीतला पंखा गरम हवा फिरवत होता. अध्यक्ष अभिमन पवार हे वनस्पतिशास्त्राचे जुने प्राध्यापक; विभाग त्यांना नाना म्हणतो. प्रेमराज सर त्यांच्या उजव्या हाताला बसले होते, ललित मागच्या खुर्चीवर.

सरांनीच सुरुवात केली. "समितीने सांगितलं, मी प्राणी दिला. बाईंनी तो मारला. आता आणखी किती द्यायचे? प्रयोगशाळा आहे, पाणपोई नाही."

एकदोघं हसले.

"हेमांगी, प्राणी मेला?" नानांनी विचारलं.

"हो, नाना. मला सरांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत."

"विचार."

"सर, शेपूट निरोगी होतं?"

"मी स्वतः निवडून दिलं."

"त्याला काही खाऊ घातलं होतं?"

"साधी कलेजी. तुम्हाला माहीत आहे, इथे सगळ्यांना तीच मिळते."

"आणि कात्री बंद केली तर किड्याला काहीच होत नाही, हे आपलं म्हणणं आजही आहे?"

"आजही आहे, उद्याही राहील," सर म्हणाले. "हा काय उलटतपास चाललाय, नाना?"

मी फोटो पडद्यावर लावले. मिटलेली जखम, नसलेला कोंब, वळलेल्या कडा. शेजारी जुन्या प्रयोगातल्या हिरव्या बशीतल्या किड्याचा फोटो. दोघांत फरक करता येत नव्हता.

"धुळ्याचं पाणी," सर म्हणाले. "तिथं माणसं जगतात हेच नवल."

मी जेलचा फोटो लावला आणि चौथ्या रकान्यातली रेघ कशाची आहे ते सांगितलं. हळू सांगितलं, कारण समितीत दोघं भौतिकशास्त्राचे होते.

सर पुढे झुकले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. घाण. हिच्या नळ्या घाण. हिनेच धुळ्याला जाऊन यात तो आरएनए टाकला."

"माझ्याकडे तो नव्हता, सर. निघताना आपण माझी पिशवी पायऱ्यांवर ओतून घेतलीत."

"ते मी पाहिलंय," नाना म्हणाले. "मी त्या वेळी जिन्यातच होतो. भाजीचा डबासुद्धा उघडला होता तुम्ही, प्रेमराज."

"आणि समजा मीच टाकला," मी म्हणाले. "आपल्या म्हणण्याप्रमाणे त्याने काहीच होत नाही. मग शेपटाला डोकं का आलं नाही?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि खुर्ची मागे वळवली.

"ललित, तू कुठल्या बशीतून उचललंस ते?"

"सर?"

"मी तुला लाल झाकणाची बशी सांगितली होती. गोंधळ केलास का? मुलं निष्काळजी असतात, नाना. मला काय माहीत, आत जाऊन यानं काय—"

"मामा," ललित म्हणाला.

त्या खोलीत हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला.

"मामा, तुम्हीच सांगितलं होतं. हिरव्यातलं दे म्हणाले. आणि आता माझ्यावर ढकलताय? तुम्ही म्हणाले, आठवडाभर जिवंत दिसेल, तिला शंका येणार नाही, मग—"

"गप्प बैस."

"मग काय, ललित?" नानांनी विचारलं.

ललित सरांकडे पाहत राहिला. "मग मरेल."

"का मरेल?"

ललितने खालच्या आवाजात, कोणाकडेच न पाहता सांगितलं, "कात्री बंद आहे म्हणून. पाठवण्याआधी त्याला तीन वेळा हिरवा घास दिला होता. तसे सगळेच मरतात."

"सगळेच?"

"पहिल्यापासून. मी करून पाहिले तेव्हाही मेले."

सर उठून उभे राहिले आणि हा घरातला मुलगा असून दगाबाज निघाला, नाना आपल्याला वीस वर्षं ओळखतात, आणि या बाईला शेजारच्या जिल्ह्यातल्या कोणीतरी शिकवून पाठवलंय, असं बरंच बोलले. त्यांचं संपल्यावर नानांनी समितीला सांगितलं, की निष्कर्ष हेमांगीचा आहे आणि तो खरा आहे, हे आज सरांच्याच प्रयोगशाळेने सांगितलं. बाकीचं कुलगुरूंकडे जाईल. मग मला विचारलं, "तुला किती प्राणी पाहिजेत?"

"एकच. पण दारात नको, नाना. मी आत जाऊन पाहून घेईन."

सर माझ्यामागून आले. नानांनी जा म्हटलं म्हणून की मी काही चोरेन म्हणून, ते मला कळलं नाही. प्रयोगशाळेत कलेजीचा आणि स्पिरिटचा तोच जुना वास होता. मी दिवा लावला आणि रॅकवरच्या बशा एकेक करून खाली घेतल्या. हिरव्या झाकणांच्या बाजूला ठेवल्या. लाल झाकणांच्याही. साध्या झाकणाच्या बशा उरल्या, त्या उजेडात धरून पाहिल्या. किडे उजेडापासून पळतात का, अंग ताणून चालतात का, कडा सपाट आहेत का, आतड्याच्या फांद्यांमध्ये कुठे हिरवी छटा आहे का, सगळं पाहिलं.

"किती वेळ?" सर दारातून म्हणाले.

मी आणखी दोन बशा पाहिल्या. तिसऱ्या बशीत एक मोठा, गडद किडा होता, बशीच्या कडेने सतत फिरणारा. तो मी ब्रशने उचलून ओल्या कागदावर ठेवला आणि पातं लावलं. पुढचा भाग चालत राहिला. मागचा थबकला, आखडला, आणि मग तोही चालू लागला.

शेपूट मी माझ्या नळीत घेतलं. पुढचा भाग परत बशीत सोडला आणि बशी सरांच्या बाजूला सरकवली.

"डोकं तुमच्याकडेच राहू द्या, सर," मी म्हणाले. "धुळ्यात त्याचं काय काम?"

त्यांनी हात लांब करून दिवा बंद केला.

"यापुढे या खोलीत पाय ठेवायचा नाही," ते म्हणाले. "आणि तुझा प्रबंध तपासायला कोण येतं, तेही मी बघतो."

पुन्हा 'तू' झालं होतं. मी खिडकीशी गेले. झाकण नीट बसलंय का, नळी गळते का, ते तिथल्या उजेडात उलटी करून पाहिलं. गळत नव्हती. शेपूट उन्हाकडची बाजू सोडून माझ्या बोटाच्या सावलीत सरकलं.